गाठ मोठी असताना आधी केमो का?

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीच्या (वय 53) स्तनात 6 सेंटिमीटरची गाठ असून काखेतल्या ग्रंथींतही कर्करोग आढळला आहे. डॉक्टर आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया असे सांगतात. गाठ तशीच ठेवून चार-सहा महिने घालवणे धोक्याचे नाही का? आणि केमोने गाठ विरघळली, तर शस्त्रक्रिया टळेल का?

उत्तर : आपल्या बहिणीच्या आजाराला स्थानिक पातळीवर वाढलेला कर्करोग म्हणतात. तो फुप्फुस, यकृत वा हाडांत पोहोचलेला नाही, हे स्कॅनमधून स्पष्ट झाले असेल, तर पूर्ण बरे करण्याच्याच हेतूने उपचार होतात. केमो आधी दिली काय किंवा नंतर दिली काय, जगण्याच्या शक्यतेत फरक पडत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसून आले आहे. त्यामुळे हे महिने वाया जात नाहीत. उलट गाठ लहान होऊन शस्त्रक्रिया सोपी होते आणि या गाठीवर औषध चालते आहे की नाही, हेही कळते. अधूनमधून गाठ मोजली जाते; ती वाढताना दिसली, तर औषध बदलतात किंवा शस्त्रक्रिया अलीकडे घेतात.

गाठीच्या आकाराइतकाच बायोप्सीचा अहवाल महत्त्वाचा असतो, आणि घरची मंडळी नेमका तोच वाचायचे राहून जातात. हर-टू (पेशींची वाढ वेगाने घडवणारे प्रथिन) पॉझिटिव्ह असल्यास केमोसोबत त्या प्रथिनाला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध देतात व त्यासाठी हृदयाची इको तपासणी करून घेतात. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठी केमोने पूर्ण नाहीशा होण्याचे प्रमाण कमी असते, मात्र त्यांना पुढे निदान 5 वर्षे संप्रेरकरोधक गोळ्यांचे संरक्षण मिळते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांच्या आणि हर-टूच्या अशा तिन्ही चाचण्या निगेटिव्ह असतील, तर इम्युनोथेरपीचा (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागी करणाऱ्या औषधांचा) विचार होतो.

शस्त्रक्रिया मात्र टळत नाही. गाठ हाताला लागेनाशी झाली तरी सूक्ष्म पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणूनच केमोपूर्वी किंवा सुरुवातीलाच गाठीत धातूची बारीक क्लिप बसवतात, म्हणजे नंतर नेमकी जागा सापडते. ती बसवली आहे का, हे जरूर विचारावे. प्रत्येक वेळी पूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही, परंतु त्वचा लाल होऊन सुजलेल्या दाहक प्रकारात तो काढणेच योग्य ठरते. स्थानिक पातळीवर वाढलेल्या आजारात केमोला प्रतिसाद उत्तम असला तरी रेडिएशन सहसा घ्यावे लागते. काढलेल्या भागात कर्करोग शिल्लक आढळला, तर प्रकारानुसार पुढे आणखी औषध दिले जाते. उदाहरणार्थ, तिन्ही निगेटिव्ह प्रकारात कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या.