हे आत्ता कुठे आहे?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. संगणकाचं पुस्तक दोनदा वाचून झालं, शॉर्टकटची यादी तोंडपाठ आहे, तरी संगणकासमोर बसलं की हात आखडतात, असं तू लिहिलंस. यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही. हा विषय हाताने शिकायचा आहे आणि आतापर्यंत तुझं शिकणं डोळ्यांनी झालं. एकट्या तुझंच नव्हे, आपण सगळेच आधी तसंच शिकतो. परीक्षेला बारा दिवस आहेत. ते पुरतात, फक्त आता पुस्तक बाजूला ठेव आणि रोज कोरी फाइल उघडून बस.

बसल्यावर एकच प्रश्न मनात धर: माझं काम आत्ता नेमकं कुठे आहे? इतकी वर्षं शिकवताना माझ्या लक्षात आलंय की मुलांचे मार्क आज्ञा न आठवल्यामुळे फारसे जात नाहीत. वस्तू कुठे आहे हे कळत नाही, तिथे ते जातात.

एका प्रात्यक्षिक परीक्षेत मी देखरेखीला होते. प्रश्नाची फाइल सगळ्यांना मेलने आली होती. एका मुलीने ती आधी डाउनलोड केली, पण काम करताना मेलमधूनच पुन्हा उघडली. दीड तास सुंदर काम केलं, मध्ये मध्ये सेव्ह करायला कंट्रोल एस दाबलं, फाइल बंद केली आणि डाउनलोड्समधली फाइल जोडून पाठवून दिली. ती फाइल मूळचीच होती, एक अक्षर न बदललेली. तिचं सगळं काम एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडून होतं. प्रोग्रामच्या ‘अलीकडच्या फाइल्स’ या यादीतून आम्हाला ते सापडलं, पण तोवर वेळ संपून गेली होती. तिचा तो चेहरा मी अजून विसरले नाही. म्हणून तुला कळकळीने सांगते, प्रश्न हातात आला की टाइप करण्याआधी ‘सेव्ह ॲज’ने फाइल ठरलेल्या फोल्डरमध्ये, ठरलेल्या नावाने ठेव. मग कामाला लाग.

थिअरीतला रॅम आणि हार्ड डिस्कचा फरकही याच प्रश्नाने सुटतो. टाइप केलेलं पण सेव्ह न केलेलं वाक्य रॅममध्ये असतं आणि वीज गेली की रॅम रिकामी होते. सेव्ह केलं की ते डिस्कवर उतरतं. कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत थांबतो, म्हणूनच दुसरं काही कॉपी केलं की साध्या पेस्टने आधीचा येत नाही. विंडोजमध्ये डिलीट केलेली फाइल सहसा रीसायकल बिनमध्ये जाते, पण शिफ्ट धरून डिलीट केलं तर तिथेही जात नाही. हे चारही प्रकार एका टाकाऊ फाइलवर स्वतः करून बघ. एकदा पाहिलेलं पाठ करावं लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ एक्सेलला दे, कारण मार्कही तिथे आहेत आणि गोंधळही तिथेच आहे. बी कॉलममध्ये पाच वस्तूंच्या किमती लिही, बी२ ते बी६. ई१ मध्ये कराचा दर लिही, १०%. आता सी२ मध्ये =बी२*ई१ हा फॉर्म्युला टाक. उत्तर बरोबर येईल. तो खाली सी६ पर्यंत ओढ. खालच्या चारही सेलमध्ये शून्य! सी३ वर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बघ, तिथे =बी३*ई२ दिसेल. फॉर्म्युला एक घर खाली सरकला तशी त्यातली दोन्ही नावंही एकेक घर सरकली आणि ई२ तर रिकामा आहे. आता सी२ मध्ये परत जा, फॉर्म्युलातल्या ई१ वर कर्सर ठेव, एफ४ दाब. नावात डॉलरची दोन चिन्हं येतील, $ई$१. (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं.) पुन्हा ओढ. आता बी सरकतो, म्हणजे तो रिलेटिव्ह; ई१ जागचा हलत नाही, म्हणजे तो ॲब्सोल्यूट. रिलेटिव्ह आणि ॲब्सोल्यूट रेफरन्सची व्याख्या लिहायची वेळ आली की हे चार शून्य आठव, व्याख्या आपोआप लिहिली जाईल.

आणखी एक जागा आहे जिथे हुशार मुलं फसतात. पाच जणांचे गुण आहेत: ४०, ५०, ६०, ५०, आणि पाचवा गैरहजर. त्या सेलमध्ये ‘गैरहजर’ असं लिहिलं तर ॲव्हरेज ५० येतं, कारण शब्द मोजलाच जात नाही. तिथे ० लिहिलं तर ४० येतं. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए प्रत्येक भरलेला सेल मोजतं. म्हणून प्रश्न दोनदा वाच आणि सरासरी कोणाची मागितली आहे ते ठरव. सेलमध्ये नुसते ##### दिसले तर घाबरून पुसू नकोस, बहुतेक वेळा कॉलम अरुंद झालेला असतो. वर कॉलमच्या अक्षरांच्या पट्टीत, त्या कॉलमच्या उजवीकडच्या रेघेवर डबल क्लिक कर.

वर्डचं थोडक्यात सांगते. शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं करू नकोस, त्याला ‘हेडिंग १’ ही स्टाइल दे. नाहीतर अनुक्रमणिका तयार करायला सांगतील आणि ती रिकामी येईल. नव्या पानावर जायला दहा वेळा एन्टर मारू नकोस, कंट्रोल एन्टर दाब.

थिअरीत बाइटचं गणित हमखास असतं. ८ बिट म्हणजे १ बाइट. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. यात कोणी फसवलेलं नाही. बनवणारा १,००० च्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या. ५०० ला १,००० ने तीनदा गुण आणि १,०२४ ने तीनदा भाग, हे एकदा हाताने करून बघ. बायनरीही तशीच: १३ म्हणजे ८ अधिक ४ अधिक १, म्हणून ११०१. इंटरनेट म्हणजे संगणकांचं जाळं आणि वेब म्हणजे त्यावर चालणारी पानं, ते एकच समजू नकोस. नेटवर्कवरून ईमेल १९७१ मध्येच गेला होता, तर वेबचा प्रस्ताव टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत १९८९ साली मांडला.

शेवटचे तीन दिवस जुने प्रश्न घड्याळ लावून सोडव, आणि तेही टिपणं न उघडता. कुठे अडलं तर लगेच पुस्तक उघडायचं नाही. पाच मिनिटं मेनू धुंडाळायचे, कंट्रोल झेडने मागे यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. त्या पाच मिनिटांत जे सापडतं ते परीक्षेच्या खोलीतही सापडतं. आदल्या रात्री मात्र नवीन काही शिकू नकोस. वेळेवर झोप.

रविवारपर्यंत किमतींचा तो तक्ता करून मला मेल कर, मी बारकाईने पाहीन. पाठवण्याआधी फाइल सेव्ह करून बंद कर, जोडल्यावर ती जोडलेली प्रत एकदा उघडून बघ, आणि मगच सेंड दाब.

तुझी,
बाई