मे महिन्यात फुलपाखरं ओळखायची तर आधी रंगाचा भरवसा सोडा

तुमचे प्रश्न दोन आहेत. एप्रिल-मेमध्ये मुलांना घेऊन गुहागरकडच्या गावी जाताय, तर पाऊस नसताना फुलपाखरं दिसतील का, हा पहिला. आणि मागच्या मे महिन्यात मळ्याच्या बांधावर टिपलेलं, वाळक्या पानासारखं तपकिरी फुलपाखरू कुठल्याच चित्राशी का जुळत नाही, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण उन्हाळ्यातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ते पीकॉक पॅन्सी आहे. उडताना नारिंगी झळकलं आणि जमिनीवर बसताच हरवलं, असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून शंका उरत नाही. चित्रांमध्ये बहुतेक वेळा पावसाळी रूप दिलेलं असतं: पंखांची कड गोलसर, खालच्या बाजूलाही डोळ्यांसारखे ठिपके. उन्हाळी पिढी वेगळी दिसते. खालच्या बाजूचे डोळे जवळजवळ नाहीसे होतात, पुढच्या पंखाचं टोक कोनात कापल्यासारखं होतं, मागच्या पंखाला देठासारखी शेपटी येते आणि दोन्ही पंखांवरून पानाच्या मधल्या शिरेसारखी एक रेघ जाते. वरची बाजू मात्र तीच राहते, नारिंगी, मागच्या पंखावर एक मोठा डोळा. म्हणून पंख उघडलेला एक फोटो मिळाला असता तर पहिल्या नजरेत नाव सांगता आलं असतं.

हे असं का होतं तेही मुलांना सांगा, त्यांना फार आवडतं. पावसाळ्यात हिरवळीत वावरताना कडेवरचे डोळे कामाला येतात: पक्षी किंवा सरडा डोक्याऐवजी तिथे हल्ला करतो, पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. उन्हाळ्यात सगळीकडे पाचोळा असतो, तिथे डोळे उलट घात करतील. मग पान होऊन निपचित बसणं बरं. वाढताना मिळालेलं तापमान आणि हवेतला दमटपणा यांवर कुठलं रूप येणार ते ठरतं. कॉमन इव्हनिंग ब्राउन या दुसऱ्या तपकिरी फुलपाखराचंही असंच आहे. त्याच्या उन्हाळी रूपात तर दोन फुलपाखरांच्या खालच्या बाजूची नक्षी सारखी सापडणं कठीण. ते संध्याकाळी दिवेलागणीला अंगणात, बांबूच्या बेटाजवळ उडतं. दिवसा पायाखालच्या पाचोळ्यातून अचानक उठून चार हातांवर परत पाचोळ्यातच उतरतं. तपकिरी काही दिसलं की आधी हे विचारा: ऊन होतं की सावली, सकाळ होती की तिन्हीसांज? उन्हात मोकळ्या जागी असेल तर पॅन्सी, सावलीत पाचोळ्यात असेल तर ब्राउन. एवढ्यावर बरीच ओळख पटते. उन्हाळ्यात रंगापेक्षा पंखाची ठेवण, बसण्याची ढब आणि जागा यांवर जास्त विसंबा.

आता पहिला प्रश्न. दिसतील, आणि उत्तम दिसतील. फक्त बघण्याची जागा बदलावी लागते. पावसानंतर फुलांकडे बघायचं असतं, उन्हाळ्यात ओल, सावली आणि पडलेली फळं बघायची. वेळ सकाळी आठ ते अकरा. त्यानंतर उन्हाचा तडाखा वाढला की बहुतेक फुलपाखरं पानांआड जातात, मुलांनाही घरात आणलेलं बरं.

गावाजवळच्या वहाळाला, म्हणजे ओढ्याला, मे महिन्यात वाहतं पाणी नसलं तरी कुठेतरी ओलसर वाळू असतेच. तिथे थांबा. कॉमन जे, ब्लूबॉटल, एमिग्रंट यांचे घोळके तिथे सोंडा टेकून बसतात. याला आम्ही चिखलपान म्हणतो. त्यात जवळजवळ सगळे नर असतात. ओल्या मातीतले क्षार, मुख्यतः सोडियम, ते शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. वहाळ लांब असेल तर न्हाणीचं सांडपाणी जिथे जातं ती जागा किंवा गोठ्यामागची ओल बघा, तिथेही हाच कार्यक्रम चालतो. समोरून जाऊ नका, मागून वाकून हळू जा, आणि आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. एक उडालं की सगळा घोळका उठतो, पण तुम्ही न हलता उभे राहिलात तर पाच मिनिटांत परत उतरतो.

काजूची बोंडं झाडाखाली आंबून पडलेली असतात, पिकलेला फणस फुटलेला असतो, तो सडा सोडू नका. फुलांकडे सहसा न फिरकणारी फुलपाखरं तिथे येतात: कॉमन बॅरन, ब्लॅक राजा, नवाब, आणि नशीब असेल तर ब्लू ओकलीफ. या शेवटच्याने पंख मिटले की समोर असूनही दिसत नाही, उघडले की निळा रंग डोळ्यांत भरतो. बॅरन तर तुमच्या दारचंच, कारण त्याच्या अळ्या आंब्याच्या आणि काजूच्या पानांवर वाढतात. कलमाची खालची पानं एकेक करून बघा. हिरवी अळी पानाच्या मधल्या शिरेवर लांब पडलेली असते. तिच्या पाठीवरची पिवळसर रेघ बरोबर शिरेवर येते आणि दोन्ही अंगांचे पिसासारखे फाटे फुटलेले काटे पानावर सपाट पसरलेले असतात, त्यामुळे कडेची सावलीसुद्धा पडत नाही. एकदा ती दिसली की मुलं उरलेली सुट्टी आंब्याखालीच काढतील.

त्याच कलमांवर बांडगूळ असेल तर वर बघा. पांढऱ्या पंखांवर काळ्या शिरा, खालून पिवळं आणि कडेला लाल ठिपके असलेलं हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझबेल, बांडगुळावरच अंडी घालतं. नाव कुणी दिलं माहीत नाही, पण याहून नेमकं सुचणार नाही. बांडगूळ आंब्याचं नुकसान करतं, म्हणून कलमावरचं काढावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बांधावरच्या रानटी झाडांवरचंही साफ करण्याचा जो उत्साह असतो तो मला पटत नाही. तेवढं राहू द्यावं, घरातल्या मोठ्यांना तसं जरूर सांगा.

परसातल्या लिंबाजवळ आणि कढीपत्त्याजवळ काळी मोठी फुलपाखरं घिरट्या घालतात. त्यांतल्या कॉमन मॉर्मनच्या माद्या तीन रूपांत असतात: एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमझन रोझसारखी. रोझ नावाची ही दोन्ही फुलपाखरं अळी असताना ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिच्यातलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांना टाळतात. मॉर्मनची मादी नुसता तो वेश घेते. पंखांवरून ओळखायला जाल तर फसाल, शरीर बघा. लाल शरीर असेल तर रोझ, काळं असेल तर मॉर्मन. हवेत उडत असतानाही हे कळतं.

रुईवरचं प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांतही असाच घोळ होतो. दोन्ही नारिंगी, पंखाच्या टोकाशी काळ्यावर पांढरा पट्टा. मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतील तर टायगर. ते नसून फक्त वरच्या कडेला एकच ठिपका असेल तर एगफ्लायची मादी.

नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, 2015 मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलं, आणि मुलं त्याचं नाव पहिलं काढतील. सावलीतल्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायवाटेवर, वहाळाच्या काठाने ते येतं, पण फार थांबत नाही. त्याच्यामागे धावू नका. त्याची जायची वाट बरेचदा ठरलेली असते, तिथेच उभे राहा.

बांधावरच्या गवतात नखाएवढी निळसर-करडी फुलपाखरं दिसतील. ती नुसत्या डोळ्यांनी ओळखायचा हट्ट पहिल्या सुट्टीत धरू नका, खालच्या बाजूचा स्वच्छ फोटो घेऊन ठेवा.

फोटोबद्दल एवढंच: पंख मिटलेला एक, उघडलेला एक, आणि ज्या झाडावर बसलंय त्याच्या पानाचा एक. सोबत वेळ आणि जागा लिहा. पकडून बरणीत ठेवू नका, पंखांवरचे खवले बोटांना लागले की परत येत नाहीत, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कित्येक जातींना संरक्षण आहे. अळी घरी आणायचीच असेल तर बॅरनची आणा, आंब्याची ताजी डहाळी रोज बदलता येत असेल तरच. बांधावरच्या त्या पॅन्सीचा शोध यंदाही त्याच जागी सकाळी नऊच्या सुमारास घ्या. ऊन खायला ते पंख पसरून बसतं, तेव्हा वरचा डोळा नीट टिपता येईल.