सातेरीचे पोळे चौकटीत बांधताना

झाडाच्या ढोलीतून सातेरी या देशी मधमाशीची वसाहत काढून लाकडी चौकटींच्या पेटीत घेणार असाल, तर पोळ्यांची निवड आधी करा. बांधायची ती अंडी-अळ्यांची पोळी. मधाने भरलेला भाग कापून वेगळ्या डब्यात ठेवा. तो जड असतो, दोऱ्यातून निसटतो आणि सांडलेल्या मधावर मुंग्या लगेच येतात. जुनी काळी कुळकुळीत पोळीही नकोत, त्यांत मेणकिडा (पोळे पोखरणारी पतंगाची अळी) पटकन शिरतो.

पोळे ढोलीत ज्या बाजूने वर होते, तीच बाजू चौकटीतही वर हवी. माशा घरे किंचित वरच्या दिशेला कललेली बांधतात, पोळे उलटे झाले की तो उतार बिघडतो. वरची कड धारदार सुरीने सरळ कापा आणि चौकटीच्या वरच्या पट्टीला घट्ट टेकवा. मध्ये फट राहिली तर जोड नीट बसत नाही. मग केळीच्या सोपाचा ओला दोर किंवा साधा सुती दोरा दोन-तीन ठिकाणी गुंडाळा. दोर घरांत रुतेल इतका आवळू नका, आतल्या अळ्या चिरडतात. नायलॉन अजिबात नको. सुती दोरा माशा स्वतः कुरतडून बाहेर टाकतात, नायलॉन त्यांना तोडता येत नाही.

हे काम संध्याकाळी, भरभर करा. पिलाव्याला, म्हणजे पोळ्यातल्या अंडी-अळ्यांना, साधारण ३४-३५ अंश ऊब लागते, उघड्यावर तो गारठतो. राणी पेटीत आली आहे ना, ते मात्र घाई न करता बघा, तिच्याशिवाय माशा पेटीत टिकत नाहीत. रात्री साखरेचा पाक ठेवा, दार लहान करा. तीन-चार दिवस पेटी उघडू नका.