इंग्लंड आणि फ्रान्स वेगळे शिकवू नका, आतोबा-भाच्यापासून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इतिहासात एम.ए., बी.एड. करून तुम्ही आता इंग्लंडमधल्या शाळेत लागला आहात. इयर 8 ला, म्हणजे 12-13 वर्षांच्या मुलांना, स्टुअर्ट काळ, म्हणजे सतराव्या शतकातलं इंग्लंड, शिकवायचाय आणि विभागप्रमुखांनी त्यालाच चौदाव्या लुईचा फ्रान्स जोडून दिलाय. हाताशी बारा तास. आधी इंग्लंड संपवून मग फ्रान्स घ्यायचा का, आणि एवढ्या राजांच्या गर्दीत मुलं हरवणार नाहीत का?

हरवतील. मी 21 वर्षं इथे हाच भाग शिकवला आणि पहिल्या वर्षी अगदी तुमच्या मनात आहे तसंच केलं. सहा तास इंग्लंड, सहा तास फ्रान्स, फळ्यावर दोन वंशावळी. परीक्षेत एका मुलाने लिहिलं की पहिल्या चार्ल्सचं डोकं व्हर्सायला गिलोटिनने उडवलं. लाल पेनने खोडता खोडता लक्षात आलं, त्याने काही वेगळं केलं नव्हतं. मी दोन डब्यांत भरून दिलेलं सामान त्याने एका पिशवीत ओतलं होतं, इतकंच.

तेव्हापासून मी 1649 च्या जानेवारीपासून सुरू करते. त्याआधीचं ट्यूडर घराणं, आठव्या हेन्रीच्या सहा बायका, गाय फॉक्सचा बंदुकीच्या दारूचा कट हे सगळं मुलांनी प्राथमिक शाळेत ऐकलेलं असतं. त्यात वेळ घालवू नका.

त्या महिन्यात काय चाललंय बघा. 5 जानेवारीच्या रात्री, पहाट व्हायच्या आत, दहा वर्षांच्या लुईला झोपेतून उठवून राणी आई पॅरिसमधून पळते. शहर दरबाराविरुद्ध उठलंय. राजघराणं सेंट-जर्मेनच्या रिकाम्या वाड्यात पोहोचतं तर तिथे फर्निचरच नाही, अर्धा दरबार गवताच्या पेंढ्यांवर झोपतो. त्याच पॅरिसमध्ये, लूव्रच्या राजवाड्यात, इंग्लंडची परागंदा राणी हेन्रिएटा मारिया राहते आहे. पुढे कार्डिनल झालेला द रेत्झ त्याच दिवसांत तिला भेटायला गेला, तर तिची चार वर्षांची मुलगी अंथरुणातच होती, कारण खोलीत जाळायला लाकूड नव्हतं. आणि खाडीपलीकडे लंडनमध्ये त्या मुलीच्या बापावर, पहिल्या चार्ल्सवर, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटला उभा राहतोय. 30 जानेवारीला व्हाइटहॉलच्या बँक्वेटिंग हाउससमोर त्याचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग कापलं तर लोक म्हणतील घाबरला, म्हणून त्याने त्या सकाळी दोन सदरे घातले होते. हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा मान वर करतो.

आता नातं. हेन्रिएटा मारिया ही लुईच्या वडिलांची बहीण. म्हणजे लुईची सख्खी आत्या. म्हणजे ज्याचं डोकं गेलं तो लुईचा आतोबा, आणि पुढे इंग्लंडच्या गादीवर बसलेले दुसरा चार्ल्स आणि दुसरा जेम्स हे त्याचे आतेभाऊ. इंग्लिशमध्ये हे सगळं अंकल आणि कझिन या दोन शब्दांत भरडलं जातं. मी फळ्यावर मराठीच शब्द लिहायचे, आतोबा, आतेभाऊ, भाचा. मुलांना ते भलतेच आवडायचे आणि वर्षभर "आतोबा चार्ल्स" चालायचं.

एखादी चुणचुणीत मुलगी इथे तुम्हाला पकडेल, तेव्हा तयारीत राहा. चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर 59 सह्या आणि मोहरा आहेत, पण साल लिहिलंय 1648. कारण इंग्लंडचं कायदेशीर वर्ष तेव्हा 25 मार्चला सुरू व्हायचं. शिवाय फ्रान्सने 1582 मध्येच नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं होतं, इंग्लंडने थेट 1752 मध्ये. त्यामुळे पॅरिसच्या हिशेबाने चार्ल्स 9 फेब्रुवारीला मेला. शिवजयंती तारखेने की तिथीने या वादावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल नाही (ती 19 फेब्रुवारीसुद्धा जुन्याच कॅलेंडरची), पण इंग्लिश मुलांना तारीख ही दगडावरची रेघ वाटते. ती पुसली जाते हे कळायला एक तास गेला तरी जाऊ द्या.

दोन्ही राजांवर एकाच हिवाळ्यात ही वेळ का आली? बाकीच्या सगळ्या तासांचा प्रश्न हाच, आणि माझ्या मते त्याचं उत्तर आधी खजिन्यात शोधावं, धर्मात नंतर. राजाला पैसे कोण देणार आणि कोणाला विचारून?

चार्ल्सने 1629 पासून अकरा वर्षं पार्लमेंट बोलावलंच नाही. मग पैसा आणायचा कुठून, म्हणून किनाऱ्यावरच्या परगण्यांनी आरमारासाठी द्यायचा जुना कर, शिप मनी, त्याने 1635 मध्ये आतल्या परगण्यांवरही लावला. बकिंगहॅमशरला समुद्र कुठे? जॉन हॅम्पडेनने तिथले 20 शिलिंग द्यायला नकार दिला. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने, पाच विरुद्ध. राजा जिंकला, पण असा की हरला असता तर बरं. मग 1637 मध्ये स्कॉटलंडवर नवं प्रार्थनापुस्तक लादायला गेला, तिथे बंड, बंड मोडायला फौज, फौजेला पैसा, आणि पैशासाठी 1640 मध्ये अखेर पार्लमेंट. ही साखळी मुलांकडून तोंडपाठ करून घ्या, बाकी पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या यादवी युद्धाच्या लढाया एका नकाशात उरका. मार्स्टन मूर आणि नेसबी पुरे.

फ्रान्समध्येही 1648 ला ठिणगी करांचीच. तीस वर्षांच्या युद्धाचा खर्च भागवायला नवे कर आले आणि पॅरिसच्या 'पार्लमां'ने ते नोंदवून घ्यायला नकार दिला. इथे मोठा खड्डा आहे. पार्लमां म्हणजे पार्लमेंट नव्हे! ते न्यायालय होतं, तिथले न्यायाधीश आपली पदं विकत घेऊन बसलेले. इंग्लिश पार्लमेंटच्या जवळ जाईल अशी फ्रेंच सभा म्हणजे एस्टेट्स जनरल, आणि ती 1614 नंतर भरली थेट 1789 मध्ये. हे पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा, नाहीतर अर्धा वर्ग शेवटपर्यंत घोळ घालेल. त्या बंडाचं नाव फ्रोंद, म्हणजे गोफण.

मिठाचा खेळ जरूर करा. गाबेल, म्हणजे फ्रान्सचा मिठावरचा कर, प्रांताप्रांताला वेगळा होता. ब्रिटनी प्रांताला तो नव्हताच, शेजारच्या मेन प्रांतात प्रचंड, आणि तिथे घरटी ठरावीक मीठ विकत घ्यायची सक्ती. आपल्याला मिठाचा कर म्हटलं की 1930 आठवतं, इथल्या मुलांना काहीच आठवत नाही, म्हणून ते हाताने करून बघावं लागतं. वर्गाच्या मधोमध खडूची रेघ. एकीकडे मिठाच्या पुडीला एक बटण, दुसरीकडे बारा. दोन मुलं जकातीचे शिपाई, तीन सरदार (त्यांना कर माफ), बाकी रयत. पाच मिनिटांत मोज्यांतून, पेन्सिलच्या डब्यांतून तस्करी सुरू होते, कोणी शिकवायला लागत नाही. खऱ्या सीमेवर तर लोकांनी कुत्री शिकवून तयार केली होती, मिठाच्या पिशव्या घेऊन धावणारी. एकदा माझ्या वर्गात शिपायांनीच लाच घेतली. मी काही बोलले नाही, धडा माझ्यापेक्षा त्यांनीच चांगला घेतला होता. पुड्या मात्र घट्ट बांधा. खरं मीठ जमिनीवर सांडलं त्या दिवशी शाळेच्या केअरटेकरने मला जे सुनावलं ते मी विसरलेले नाही.

खेळानंतर उलटा प्रश्न टाका. लुईला कोणी विचारणारं नव्हतं, मग तो जास्त श्रीमंत राजा व्हायला हवा ना? मुलं हो म्हणतात. पण 1689 च्या हक्कांच्या कायद्यानंतर (बिल ऑफ राइट्स) इंग्लंडमध्ये कर पार्लमेंटच्या संमतीशिवाय लागत नव्हता, म्हणूनच सावकारांना त्या सरकारवर भरवसा वाटला. 1694 मध्ये बँक ऑफ इंग्लंड निघाली आणि पुढच्या शतकात इंग्लिश माणूस फ्रेंच माणसापेक्षा जास्त कर भरत होता, तोही कमी कुरकुरत. ज्याला कोणी अडवू शकत नाही त्याला उसने देताना लोक दहादा विचार करतात, हे तेरा वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. ज्या मित्राला वसुलीचा धाक नाही त्याला आपण पाच पाउंड देतो का?

धर्माच्या बाबतीत पाठ्यपुस्तकी चित्र जरा हलवून द्या. मुलांच्या डोक्यात इंग्लंड म्हणजे मोकळीक आणि फ्रान्स म्हणजे जुलूम असं पक्कं असतं. 1598 च्या नांतच्या फर्मानाने कॅथलिक फ्रान्सने आपल्या प्रोटेस्टंटांना, ह्युगनॉटांना, हक्क दिले. त्याच वेळी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये चर्चला न जाणाऱ्या कॅथलिकाला महिना 20 पाउंड दंडाचा कायदा होता. 1685 मध्ये लुईने ते फर्मान रद्द केलं आणि चित्र फिरलं. हजारो ह्युगनॉट लंडनला आले, 'रेफ्युजी' हा शब्द इंग्लिशमध्ये त्यांच्यामुळेच रुळला. शाळा लंडनच्या आवाक्यात असेल तर मुलांना ब्रिक लेनवर न्या. तिथली जामे मशीद ही इमारत 1743 मध्ये ह्युगनॉटांचं चर्च म्हणून बांधली, पुढे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, मग सिनगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, झाली, 1976 पासून मशीद. माझ्या वर्गातली बांगलादेशी मुलं तिथे अचानक मार्गदर्शक व्हायची.

चित्रांसाठी एक तास ठेवाच. व्हॅन डाइकने रंगवलेला शिकारीवरचा चार्ल्स आणि रिगोने 1701 मध्ये रंगवलेला 63 वर्षांचा लुई, दोन्ही आज लूव्रमध्ये आहेत. आधी काहीही न सांगता विचारा, यातला कोण जास्त घाबरलाय? चार्ल्स बुटका होता, घोड्याने मान खाली घातली आहे, राजाने नाही. लुई लाल टाचांचे जोडे घालून म्हातारे पाय पुढे काढून उभा आहे. मुलं जे सांगतात ते ऐकून मीच थक्क व्हायचे. त्याच तासात "राज्य म्हणजे मीच" हे वाक्य फळ्यावरून पुसून टाका. लुई ते बोलल्याचा पुरावा नाही. मरताना तो म्हणाल्याची नोंद आहे ती जवळपास उलटी: मी जातो आहे, राज्य मात्र कायम राहील.

आणि काय करू नका. 1572 च्या सेंट बार्थोलोम्यूच्या, म्हणजे फ्रान्समधल्या ह्युगनॉटांच्या, कत्तलीवर "तू ह्युगनॉट आहेस अशी कल्पना करून डायरी लिही" असला गृहपाठ देऊ नका. मी दिला होता. तीस वह्यांत तीस भयपट आले आणि माणसं एकमेकांच्या शेजारी राहून अशी का वागली हा प्रश्न कोणाच्याच डोक्यात आला नाही. शिरच्छेदाचं नाटकही नको, हसण्यात जातं. चार्ल्सविरुद्ध लढलेल्या पार्लमेंटच्या सेनापतीला, क्रॉमवेलला, नायक करताना वर्गात आयरिश आडनावं किती आहेत ते पाहा. 1649 च्या सप्टेंबरमध्ये आयर्लंडमधल्या द्रॉएडाला त्याच्या फौजेने जी कत्तल केली ती त्यांच्या घरी अजून सांगितली जाते, तुम्ही वगळलीत तर पालक दारात उभे राहतील आणि त्यांचं बरोबर असेल.

शेवटचा तास मी 1661 ला देते. त्या मार्चमध्ये लुईचा मुख्यमंत्री माझारँ मेला आणि 22 वर्षांच्या लुईने स्वतः कारभार हातात घेतला. पुढच्याच महिन्यात लंडनला आतेभाऊ चार्ल्सचा राज्याभिषेक. त्याच वर्षी पोर्तुगालशी त्याच्या लग्नाचा करार होऊन आपली मुंबई आंदणात गेली, ती सात वर्षांनी त्याने वर्षाला 10 पाउंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. हे सांगताना माझा आवाज जरा चढायचा, असं मुलं म्हणायची. गृहपाठ असा: तुम्ही 1661 मधले सावकार आहात, कुठल्या भावाला कर्ज द्याल? 1661 नंतरची एकही गोष्ट वापरायची नाही. बहुतेक सगळे लुईला देतात. एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या: "पाच वर्षांसाठी असेल तर लुईला. शंभर वर्षांसाठी असेल तर आधी त्यांच्या पार्लमेंटला भेटून येईन." नियम थोडा मोडला होता, पण मी पूर्ण मार्क दिले.