सर्व्हरची शेवटची ओळ

प्रश्न : ताई, लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत आहे. सोयाबीनच्या पट्ट्यांचा सगळा हिशोब दुकानातल्या उबुंटू सर्व्हरवर असतो. आठवड्यातून दोनदा तरी सकाळी येऊन बघावं तर मशीन रात्रीतून बंद होऊन पुन्हा चालू झालेलं. लॉग उघडला की हजारो ओळी, त्यात कितीतरी लाल. नेमकं वाचायचं काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : लाल ओळी सध्या बाजूला ठेवा. धडधाकट मशीनवरही त्या दिसतात. आधी मशीन बंद पडलं ती वेळ शोधू.

मशीनचा लॉग, म्हणजे जर्नल, दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या कमांडला दोन डॅश देऊन लिस्ट-बूट्स जोडा (टाइप सगळं इंग्रजी लहान अक्षरांत करायचं). मशीन कितीदा चालू झालं आणि दर वेळची पहिली-शेवटची नोंद कधीची, ते दिसेल. मशीन चालू होण्याच्या एकेका खेपेला बूट म्हणतात. ० म्हणजे आत्ताचं बूट, उणे १ म्हणजे त्याआधीचं. मग 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' द्या. मागच्या बुटाच्या थेट शेवटाला पोचाल.

या शेवटच्या ओळी सावकाश वाचा. मशीन रीतसर बंद झालं असेल तर एकेक सर्व्हिस थांबल्याच्या नोंदी ओळीनं दिसतात. नोंदी मधेच तुटल्या असतील तर माझा पहिला संशय विजेवर. पुढच्या बुटाच्या सुरुवातीला जर्नलची फाइल 'अनक्लीनली शट डाउन' झाल्याची ओळ सापडली, तर तो संशय आणखी पक्का धरा. लाईट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं, अशी सोय बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) असते. तुमच्याकडे ती चालू असणार.

परभणीच्या एका जिनिंगमध्ये मी याच दुखण्यापायी तीन दिवस डेटाबेसला दोष देत बसले होते. नोंदी दर वेळी मधेच तुटायच्या, ते दिसत असूनही मनावर घेतलं नाही. शेवटी यूपीएस तपासला, तर बॅटऱ्या पार बसलेल्या. मालकांचे तीन दिवस वाया गेले, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून म्हणते, तुमचा यूपीएस आजच लोड देऊन तपासा.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. जर्नल साध्या नोंदी डिस्कवर पक्क्या करतं ते एरवी दर ५ मिनिटांनी. अतिगंभीर नोंदी तेवढ्या लगेच. तेव्हा शेवटची ओळ २:१० ची असली तरी लाईट २:१४ लाही गेलेली असू शकते. शेजारच्या दुकानदाराला विचारताना एवढी मोकळीक ठेवा.

मागचं बूट दिसतच नसेल, तर नोंदी फक्त मेमरीत राहतायत आणि मशीन बंद होताच पुसल्या जातायत. जर्नलडी (जर्नल लिहिणारी सर्व्हिस) हिच्या कॉन्फ म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये स्टोरेज 'पर्सिस्टंट' करा आणि ती सर्व्हिस पुन्हा सुरू करा. गेलेलं परत येणार नाही, पुढचं मात्र टिकेल.

लाल ओळी बघायच्याच असतील तर आता बघा: त्याच कमांडला '-पी एरर' जोडा (इंग्रजीत फक्त err), म्हणजे त्रुटी आणि त्याहून गंभीर तेवढंच उरेल. एकट्या डेटाबेसचं हवं तर '-यू मारियाडीबी'. जागेची चिंता नको, जर्नल स्वतःच मर्यादा पाळतं.

मशीन रीतसर बंद झालेलं निघालं, तर शेवटच्या पन्नास ओळी मला पाठवा. त्यात कुणा शेतकऱ्याचं नाव किंवा खाते क्रमांक असेल तर आधी खोडा.