शेजाऱ्यांना स्नोब्लोअर देताना

फावडं मागितलं तर बिनधास्त द्या. स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ ओढून दूर फेकणारं यंत्र, मात्र शक्यतो देऊ नका, स्वतः जाऊन त्यांची वाट मोकळी करून द्या. द्यावाच लागला तर आधी समोर चालवून दाखवा. ओला बर्फ यंत्राच्या तोंडात अडकला की माणूस नकळत हात घालतो, आणि बोटं जातात ती तिथेच. इंजिन बंद केल्यावरही पात्यांत ताण उरलेला असू शकतो. अडथळा निघताच ती गर्रकन फिरतात. म्हणून बर्फ काढायची काठी सोबत द्याच, यात मी तडजोड करत नाही.

शेजारी वयस्कर किंवा हृदयरोगी असतील तर ते मागतील याची वाट पाहू नका. थंडीत जड बर्फ उपसताना हृदयावर फार ताण येतो. रस्ता साफ करणाऱ्या गाडीने त्यांच्या फाटकाशी लोटलेला घट्ट ढीग आधी काढा.