श्रावण पाळणं आणि दारू सुटणं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बाबा दर श्रावणात दारू बंद ठेवतात, म्हणजे ते व्यसनी नाहीत, असं काका म्हणतात. गणपती गेले की पहिल्यापेक्षा जास्त सुरू होते, असं आई म्हणते. तुझ्या पत्रातला खरा महत्त्वाचा मजकूर मात्र शेवटी घाईघाईत आलाय. गेल्या वर्षी श्रावणाच्या तिसऱ्या रात्री बाबांना भिंतीवर किडे दिसत होते, ते अंथरूण झटकत होते, घामाने निथळत होते, आणि शेजारच्यांनी ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावला. यंदाच्या गटारीला पंधरा दिवस राहिलेत, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

ते बाहेरचं नव्हतं. त्याला डॉक्टर ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ म्हणतात. दारू मेंदूला गुंगी देते. ती वर्षानुवर्षं रोज मिळाली की मेंदू तिच्याविरुद्ध स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. दारू एका दिवसात बंद केली, तरी ते जागेपण त्याच दिवशी उतरत नाही. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते बारा तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भास, भ्रम, ताप, नाडी जोरात, असा प्रकार सुरू होतो. यात उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो. एकदा झालं की पुढच्या खेपेला पुन्हा होण्याची शक्यता वाढते. गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून कडकडीत बंद, हा तुमच्या घरातला रिवाज म्हणूनच धोक्याचा आहे. यंदा बाबांनी घरच्या घरी दारू थांबवायची नाही. दवाखान्यात दाखल होऊनच थांबवायची.

तू लिहितेस, ‘रोजची एक क्वार्टर आणि वर नाइंटी.’ व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्यातल्या ३० मिलीत सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. म्हणजे क्वार्टरचे १८० आणि वरचे ९० मिळून २७० मिलीत नव्वद ग्रॅम, रोज. डॉक्टरांना ‘थोडी घेतात’ असं सांगू नका, हा आकडा सांगा. सकाळी हात स्थिर व्हायला उतारा लागतो, हेही सांगा. औषधाचा डोस त्यावर ठरतो. घरच्यांनी लाजेपोटी निम्मं सांगितलं की डोस कमी पडतो आणि वॉर्डात तिसऱ्या रात्री तेच किडे दिसतात.

काकांना उत्तर द्यायचं तर एवढंच: व्यसन ओळखायला डॉक्टर सहा गोष्टी पाहतात. अनावर तलफ, सुरू केल्यावर हात आखडता न येणं, थांबवल्यावर त्रास, तेवढ्याच नशेसाठी वाढत जाणारं प्रमाण, बाकी सगळं मागे पडणं, आणि नुकसान दिसत असूनही पिणं. वर्षभरात यांतल्या तीन एकत्र आढळल्या तर निदान होतं. महिनाभर थांबता येतं का, हा प्रश्न त्या यादीत नाही. लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून व्यसन नाही, असंही होत नाही. नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की त्याच संध्याकाळी तो साजरा होतो, हे आम्ही फार घरांतून ऐकतो.

दाखल कुठे करायचं? जिल्हा रुग्णालयाचा किंवा जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजचा मनोविकार विभाग सगळ्यात सरळ. लिव्हर, किडनी, साखर, सोडियम-पोटॅशियम, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, एवढं बहुतेक सांगतातच. मग क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपामसारखी गोळी सुरू करून पाच-सात दिवसांत कमी करत बंद करतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम निवडतात. ही गोळी मेडिकलमधून आणून घरी द्यायची नाही. तिच्यावर कुणी वर दारू घेतली तर श्वास मंदावतो, आणि तिचीही सवय लागते.

गावातल्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर एक गोष्ट तोंडाने बोलून सांगा: ‘हे रोज पितात, आधी बी-१ द्या.’ रोज पिणारा नीट जेवत नाही, आणि दारूमुळे थायमिन, म्हणजे बी-१, शरीरात शोषलंही जात नाही. अशा माणसाला अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर उरलंसुरलं थायमिन संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. बरळणं, डोळे भिरभिरणं किंवा दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. लोकांना वाटतं प्यायलाय, आणि वेळ निघून जाते. त्यामुळे बी-१ चं इंजेक्शन सलाईनच्या आधी, निदान सोबत तरी, गेलंच पाहिजे.

आकडी आलीच तर कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान सरकवा, १०८ ला फोन करा. तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. भास होत असतील तर बांधून ठेवू नका. दिवा चालू ठेवा, ओळखीचा एक माणूस जवळ बसवा आणि तडक दवाखाना गाठा.

आता चहात लपवून द्यायची गोळी. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींतल्या पुड्यांमध्ये काय असतं ते कुणी सांगत नाही. पुष्कळदा नातेवाईक डायसल्फिरामच मिळवून चहात घालतात. ही गोळी दारूचं पचन अर्धवट थांबवते. मग दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस यात जाऊ शकतो. शिवाय बाबांना एक दिवस कळेलच, आणि मग ते घरचा चहाही घेणार नाहीत. संमतीने मात्र हीच गोळी चांगली आहे: बहुधा २५० मिलिग्रॅम रोज सकाळी, आईच्या समोर, शेवटच्या पेगनंतर किमान बारा तासांनी सुरू. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहतो. त्या काळात खोकल्याची काही औषधं आणि आयुर्वेदिक आसवं-अरिष्टंसुद्धा चालत नाहीत, कारण त्यांत अल्कोहोल असतं. तलफ कमी करायला नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट हे वेगळे पर्याय आहेत. पहिलं लिव्हर पाहून देतात आणि ट्रमाडॉलसारखी वेदनाशामकं चालू असतील तर देत नाहीत, दुसरं किडनी पाहून. निवड डॉक्टरांची, तू फक्त चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून घेऊन जा.

बाबांशी बोलायचं कसं, हे तू विचारलंस. रात्री नाही. प्यायलेल्या माणसाशी वाद म्हणजे त्याला उद्याच्या रुसव्याचं निमित्त देणं. दिवसा, ते शुद्धीत असताना, आई आणि तू दोघींनी, पाच मिनिटांत, घडलेलं तेवढंच सांगा: ‘गेल्या श्रावणात तिसऱ्या रात्री तुम्हाला किडे दिसत होते. आम्ही घाबरलो होतो. तो आजार आहे, त्यावर औषध आहे. या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचंय, मी रजा घेतली आहे.’ वार ठरलेला हवा, सोबत ठरलेली हवी. ‘दारुडे’, ‘नाक कापलंत’, ‘माझी शपथ घ्या’ हे सगळं टाळा. शपथ मोडली की लाज येते, आणि लाज बुडवायला त्यांना एकच ठिकाण माहीत असतं. माळ घालायची म्हणत असतील तर अडवू नका. माळेने पुष्कळांना आधार दिलाय. फक्त माळ दवाखान्यातून आल्यावर घालू द्या.

ते ‘नाही’ म्हणाले तर आठवड्याने पुन्हा बोला. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीसाठीची हेल्पलाइन आहे आणि १४४१६ टेलिमानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची. दोन्हीकडे घरचा माणूसही फोन करू शकतो.

दवाखान्यातले ते दिवस संपले की घरात पेढे वाटतात, आणि नेमकी तिथेच सगळ्यांची ताकद संपते. खरं काम तेव्हा सुरू होतं आणि ते वर्ष-दोन वर्षं चालतं. जमत असेल तर पुढे व्यसनमुक्ती केंद्रात राहणं उत्तम. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथला मुक्काम साधारण पाच आठवड्यांचा असतो. मुंबईत फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेली कृपा फाउंडेशन आहे. गल्लोगल्ली निघालेल्या इतर केंद्रांबद्दल सावध राहा. मनोविकारतज्ज्ञ प्रत्यक्ष येतात का, नोंदणीचा कागद दाखवतात का, घरच्यांना भेटू देतात का, सुट्टीनंतर फॉलोअप काय, हे विचार. ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार कर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात, आणि साखळीने बांधणं हा त्यात सरळ गुन्हा आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., हा दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याचा गट. तो १९३५ साली अमेरिकेत सुरू झाला. आता महाराष्ट्रात अनेक शहरांत त्यांच्या मराठी मीटिंग होतात. फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत, पिणं थांबवायची इच्छा एवढीच अट. पहिले तीन महिने शक्य तितक्या मीटिंगना जाऊ द्या. बाबा देव-देव करणारे नसले तरी बिघडत नाही. पहिल्या दोन मीटिंगना ‘तिथे सगळे रडगाणं गातात’ म्हणतील. सहाव्या मीटिंगनंतर मत विचार.

या काळात झोप तुटक राहील, कित्येकदा महिनोन्‌महिने. चिडचिड वाढेल, गोड खावंसं वाटेल. आईला वाटेल, ‘यापेक्षा पीत होते ते बरं होतं.’ तसं वाटलं म्हणून तिला रागावू नका. संध्याकाळचे सहा ते नऊ हे तास आधीच भरून टाका: कामावरून येण्याचा रस्ता बदला, साडेसहाला पोटभर खायला द्या, मग चालणं किंवा मीटिंग. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळी तलफ हमखास येते. ती सहसा अर्ध्या तासात ओसरते, म्हणून त्या अर्ध्या तासात फोन करायला दोन नंबर खिशात हवेत. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, गावची जत्रा आणि मयतीनंतरची ‘बसू या’ यांची यादी बाबांनी स्वतः करावी.

घरातली मदत कुठे थांबवायची हेही ठरवा. ऑफिसात ‘ताप आहे’ असा फोन आईने करायचा नाही. बारची उधारी तू फेडायची नाही. मारहाण होत असेल तर समजूत काढत बसू नका. आधी घराबाहेर पडा, ११२ ला फोन करा. आईसाठी आणि तुझ्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या गटाच्या, मीटिंग असतात, बाबा सोडोत वा न सोडोत. आणि तू स्वतः: दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो. मित्रमैत्रिणींत बसून घेतलेला एक पेग त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी सारखा नाही.

कधीतरी बाबा पुन्हा पितील, असं धरून चाला. त्या रात्री काही बोलू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशकाला फोन, संध्याकाळी मीटिंग, बंद पडलेली गोळी डॉक्टरांना विचारून पुन्हा. डायसल्फिराम चालू असताना प्यायले तर मात्र रात्रीच दवाखाना. ‘आता पुढच्या एक तारखेपासून’ हे मान्य करू नका. आणि चार-पाच दिवस सलग प्यायले असतील तर घरी थांबवू नका. पुन्हा दाखल, पुन्हा बी-१, आणि डॉक्टरांना गेल्या श्रावणातल्या त्या रात्रीची पूर्ण माहिती.